खेडं घटक धरा म्हणतो आपण. मग खेड्याचा कागद कुठंय?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सावरगावात आमच्या गल्लीतल्या एका आजीकडे घराची रंगरंगोटी चालू होती. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली आली. पेटीत कपडे नाहीत, भांडी नाहीत, नुसते कागद. दोरीने बांधलेले गठ्ठे, वाळवीने कडा खाल्लेल्या दोन-तीन वह्या, पिवळ्या पडलेल्या पावत्या. भंगारवाला दारात काटा घेऊन उभाच होता. मी शनिवारच्या गाडीने नागपूरहून घरी आलेली. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. धावत गेले आणि म्हटलं, आजी, हे देऊ नका.

आजीने एक कागद माझ्या हातात दिला. मोडी होती. सलग लिहिलेली, कुठे शब्द संपतो कुठे सुरू होतो काही कळत नव्हतं.

"हे तुले वाचता येते का व?"

"नाही येत, आजी."

"मंग? ज्याले वाचता येत होतं तो मानूस गेला. मी कोनासाठी राखत बसू?"

मित्रांनो, मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. एम.ए. करते. संघराज्य, भाषिक अल्पसंख्याक, राज्य पुनर्रचना यावर दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहून आलेय. आजीच्या त्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे एका ओळीचंही उत्तर नव्हतं. शेवटी भंगारवाल्याला त्याच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन उरलेली अर्धी पेटी घरी आणली. बाकीची अर्धी तोवर पोत्यात गेली होती.

आमचा रविवारचा गट त्या अर्ध्या पेटीतून सुरू झाला. याला इतिहास मंडळ म्हटलं तर आमचेच लोक हसतात. नोंदणी नाही, बोर्ड नाही, अध्यक्ष नाही. नावावरून एकदा तासभर भांडण झालं म्हणून नावसुद्धा ठेवलं नाही. आम्ही सातजण. तिघं कॉलेजवाले, एक आयटीआयचा, एक बापाबरोबर संत्र्याचा व्यापार सांभाळणारा, आणि सौसरकडच्या दोघी, ज्या एसटी नाही म्हणून भावाची गाडी मागून येतात. सोबत एक रिटायर गुरुजी आहेत. मोडी वाचणारे आम्हाला सापडलेले ते एकटेच. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. याचा अर्थ काय ते तुम्हीच समजा.

आता मुद्द्यावर येते. या पानावर आपण सगळे सीमाभागाबद्दल वाचतो, लिहितो, भांडतो. बेळगावच्या बाजूचे मित्र पाटसकर तत्त्व तोंडपाठ म्हणून दाखवतात: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकांची इच्छा. आपणही तेच म्हणतो. जिल्हा घटक धरू नका, खेडं धरा. आणि आपल्या बाबतीत ते म्हणण्याला कारणही आहे. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. आयोगाने साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला होता. त्याने वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली आणि त्यात आठ जिल्हे घातले: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. छिंदवाडा त्यात नव्हता. जिल्हा म्हणून मोजला तर छिंदवाडा हिंदी. सौसर तहसील वेगळी काढून मोजली असती तर हिशोब वेगळा झाला असता, आणि पांढुर्णा तेव्हा सौसर तहसीलीतच होतं. पण तसं कोणी मोजलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ला ते आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. सकाळी उठल्यावर राजधानी नागपूरची भोपाळ झालेली.

तर आपण म्हणतो, खेडं धरा. ठीक. पण खेड्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? सावरगावात शंभर वर्षांपूर्वी शाळा कोणत्या भाषेत होती? मालगुजार कोण होता, १९५१ला मालगुजारी गेल्यावर जमिनी कोणाकडे आल्या? गोंडांची घरं किती होती, ती आता कुठे आहेत? जाम नदीवर पूल नव्हता तेव्हा पावसाळ्यात सावरगावची बाळंतीण पांढुर्ण्याला कशी न्यायचे? मी हे प्रश्न गटात विचारले तेव्हा शांतता झाली. मग एकजण म्हणाला, "गोटमार माहीत आहे ना."

होय. गोटमार माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला पांढुर्णा माहीत होतं. नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, या काठावर सावरगाव, त्या काठावर पांढुर्णा, मधून दगड. शेकडो लोक जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. माझ्या मामाच्या भुवईवर टाक्यांची खूण आहे आणि तो ती मिशीसारखी मिरवतो. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. लोकांनी ते बाजूला सारले. टीव्हीवाले येतात, कोणी तीनशे वर्षांची परंपरा म्हणतं, कोणी चारशे, आणि संध्याकाळी निघून जातात.

आम्ही गटाचं पहिलं काम म्हणून हेच घेतलं. म्हाताऱ्या माणसांकडे जायचं आणि गोटमारीची गोष्ट जशीच्या तशी रेकॉर्ड करायची. मध्ये बोलायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट म्हणजे प्रेमाची: पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघं पळाले, नदीत असताना दोन्ही काठांवरून दगड आले. दुसरी गोष्ट भोसल्यांच्या फौजेची आहे, ती बहुतेक पुरुषच सांगतात. बायकांच्या तोंडून ऐकली की गोष्ट वेगळीच निघते. एका काकूंनी प्रेमप्रकरणाची गोष्ट दोन वाक्यांत संपवली आणि मग पाऊण तास सांगितलं की त्या दिवशी घरात काय असतं: दार लावून बसायचं, हळद कुटून ठेवायची, पोरगं परत येईपर्यंत चूल पेटवायची नाही. हे मी आजवर कुठल्याही बातमीत वाचलं नाही. आणि अजून एक. आम्ही ऐकलेल्या एकाही गोष्टीत त्या सावरगावच्या मुलीला नाव नाही. मुलालाही नाही म्हणा, पण मुलाच्या वतीने निदान दगड मारणारे आहेत.

रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढताना एक गंमत झाली. पोळा कधी? आमच्या घरच्या मराठी कॅलेंडरवर तो श्रावण अमावास्येला, पिठोरीला. सौसरच्या मैत्रिणीने तिच्या नोंदीत लिहिलं भाद्रपद अमावास्या, कारण तिच्या घरी हिंदी पंचांग. दोघीही बरोबर. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेच्या पंचांगात पौर्णिमेला संपतो. दिवस तोच, नदी तीच, महिन्याचं नाव वेगळं. उद्या कोणी जुना कागद काढला आणि त्यात नुसतं 'भादव्याची अवस' असं असेल, तर लिहिणारा कोणत्या पंचांगाचा होता हे कळल्याशिवाय तारीख लागणार नाही. चूक झाली तर सरळ एक महिन्याची. फसली सनाचंही तसंच. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो, उत्तरेकडच्या फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. गुरुजी म्हणतात, "आधी कागद कोन्या देशचा ते पाहा, मंग सन काढा." सीमाभाग म्हणजे काय हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या एका वाक्यात जास्त कळलं.

मोडीबद्दल थोडं सांगते, कारण भीती उगाच आहे. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विधिनिषेध नाही, म्हणजे आपल्या पिढीला तर सोयीचीच लिपी. अडचण अक्षरांची कमी आणि शब्दांची जास्त आहे. पावतीवर रुपये, आणे, पै. धान्य मापताना खंडी, कुडव, पायली. गावाचं नाव आजच्यासारखं लिहिलेलं नसतं. तीन महिन्यांत मला साधी पावती वाचता यायला लागली. पत्र अजून जमत नाही. पहिलं पूर्ण वाचलेलं वाक्य होतं, "बैल जोडी एक". मी अक्षरशः ओरडले. गुरुजींना वाटलं विंचू चावला.

असं काम आपल्याकडे पहिल्यांदा होतंय असं नाही, हेही आम्हाला हळूहळू कळलं. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाडे आणि माळे धुंडाळले आणि १८९८ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. असे बावीस खंड झाले. १९१०ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्यांच्याच पुढाकाराने. पण पुणं राहू द्या, पुण्याला सगळंच असतं. मला जवळचं वाटतं ते धुळं. १९२६च्या शेवटच्या दिवशी राजवाडे धुळ्यात गेले, आणि १९२७ साली तिथल्या लोकांनी त्यांच्या कागदांसाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. मोठं विद्यापीठ जवळ नसताना. किंवा आपल्या अजून जवळ, यवतमाळ. यशवंत खुशाल देशपांड्यांचा शारदाश्रम. महानुभावांच्या पोथ्या गुप्त लिप्यांमध्ये लिहिलेल्या, बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत अशा. त्या साहित्याच्या अभ्यासात यवतमाळसारख्या गावाचं नाव आलं ते अशा माणसांमुळे. लिपी येत नाही म्हणून पेटी भंगारात, हे त्यांनी केलं असतं तर आज एम.ए. मराठीच्या अभ्यासक्रमातली किती पानं कोरी राहिली असती, विचार करा.

आणि आपल्या गावाचं नावही त्या मोठ्या पुस्तकांत आहे बरं. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख आणि ताम्रपट एकत्र छापले, तो ग्रंथ १९६३चा. त्यात एक आहे पांढुर्णा ताम्रपट. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, राज्यवर्ष २९. म्हणजे पाचवं शतक. मी हे गटात सांगितलं तेव्हा आयटीआयवाला म्हणाला, "आपल्या पांढुर्ण्याचा? मस्करी नको करू." मस्करी नाही. पंधराशे वर्षांपूर्वीच्या दानपत्राला आपल्या गावाचं नाव लागलंय आणि आपल्या शाळेत आपल्याला ते कोणी सांगितलं नाही. मला अकबराच्या नवरत्नांची नावं पाठ आहेत. नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह देवगडचा, आणि देवगड आपल्या छिंदवाड्याकडचा किल्ला, हे मला नागपूरला शिकायला गेल्यावर कळलं. नागपूरवाले आपल्याला 'एमपीवाले' म्हणतात तेव्हा हे सांगून पाहा. चेहरे बघण्यासारखे होतात.

आता जरा कडू बोलते.

त्या अर्ध्या पेटीत एक वही निघाली. उधारीची असावी. निम्मी पानं मोडीत, मराठी. पुढची पानं देवनागरीत, आणि भाषा हिंदी. मधल्या एका पानावर अंगठे, आणि अंगठ्यांशेजारची नावं बहुतेक गोंडांची. दुसऱ्या एका गठ्ठ्यात एक पत्र होतं, ते आम्हाला ना मराठी वाटलं ना हिंदी. व्यापारवाला मित्र पवार आहे. त्याने मोठ्याने वाचलं आणि गप्प झाला. मग म्हणाला, "हे तर माझी आजी बोलते तसं आहे." भोयरी. त्याच्या घरातली भाषा. जनगणनेत त्याच्या घराने काय लिहिलं ते त्यालाही माहीत नाही.

त्या रात्री ग्रुपवर वाद पेटला. एकाचं म्हणणं, मोडीचे फोटो टाकू, हिंदीची पानं आणि ते पत्र सध्या राहू द्या. समोरच्याला आयतं कोलीत मिळेल. आपण मराठी भाग म्हणून भांडतोय आणि आपल्याच पेटीतून हिंदी निघाली, हे कशाला दाखवायचं? मला त्याचा राग आला नाही, कारण पहिल्या क्षणी माझ्याही मनात तेच आलं होतं. खोटं कशाला बोलू.

पण मग खेडं घटक धरा या म्हणण्याचा अर्थ काय राहतो? खेडं घटक धरायचं म्हणजे खेडं जसं आहे तसं धरायचं. सावरगावात मराठी आहे, हिंदी आहे, भोयरी आहे, गोंडी होती. बाजारात एकच माणूस तीन भाषांत भाव करतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ला आला. त्यात आपली बोली नागपुरी म्हणून नोंदली आहे, आणि ती जिल्ह्याची रेघ पाहून थांबत नाही. आपल्याला हवा तो पुरावा त्यात आहेच. तो पुरावा इतका कच्चा नाही की एका उधारीच्या वहीने कोसळेल. आणि कोसळणारच असेल, तर तो कोसळलेला मला आधी कळलेला बरा. ज्यांनी १९५५ साली आपल्याला जिल्हा म्हणून मोजलं आणि आतलं बघितलं नाही, त्यांच्यावर आपण सत्तर वर्षं चिडतोय. आता आपण आपल्याच गावाला तसंच मोजायचं?

वही आम्ही पूर्ण स्कॅन केली. पण समाजमाध्यमावर टाकली नाही, आणि त्याचं कारण हिंदी नव्हतं. त्या अंगठ्यांशेजारची आडनावं आजही गावात आहेत. कोणाच्या पणज्याने किती कर्ज घेतलं, कोणाचं शेत कोणाकडे गहाण पडलं, हे फोटो काढून लाइक मिळवायचं साहित्य नाही. व्यापारवाला मित्र म्हणाला तसं, गहाण सुटलं नाही तेच शेत आज कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेखाली असेल. आम्ही असं ठरवलं की नावं झाकून, आकडे आणि भाषा तेवढी लिहायची, आणि त्या घरांतल्या लोकांना आधी विचारायचं. दोन घरांनी हो म्हटलं. एका घराने दार लावून घेतलं. त्यांचाही हक्क आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौसर, या दोनच जुन्या तहसिलींचा. १९५६ला जो भाग मोठ्या जिल्ह्यात विरघळला, तोच भाग सदुसष्ट वर्षांनी स्वतः जिल्हा म्हणून समोर आला. बेळगावसारखा मोर्चा निघाला नाही, खटला झाला नाही, पण घटक बदलला! आपल्या पानावर यावर जितकं लिहायला हवं होतं तितकं लिहिलं गेलं नाही असं मला वाटतं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी सवलतींची योजना देशात मान्य झाली आहे, तिच्यात स्थानिक लोकसंख्येच्या १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत छापाव्यात असं आहे. छिंदवाडा जिल्ह्यात आपण टक्केवारीत हरवून जायचो. पांढुर्णा जिल्ह्यात हरवण्याचं कारण नाही. घटनेच्या ३५० क कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगितलंय. आणि २९व्या कलमाचा पहिला भाग तर मी आता मोडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. त्यात वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जतन करण्याचा हक्क आहे. लिपी हा शब्द घटनेत आहे. तो तिथे आहे हे मी परीक्षेसाठी दोनदा पाठ केलं होतं, पण आजीच्या पेटीसमोर उभं राहीपर्यंत तो माझ्यासाठी नुसता शब्द होता.

नवा जिल्हा म्हणजे नवं कार्यालय, नवे बोर्ड, नव्या गाड्या. जुना कागद मात्र विखुरलेला. १८६१ला मध्य प्रांत झाला तेव्हापासून १९५६पर्यंत आपला वरचा कारभार नागपूरहून चालला. म्हणून एका बाजूला नागपूरचं अभिलेखागार, जे आज महाराष्ट्र शासनाकडे आहे. दुसऱ्या बाजूला छिंदवाडा, तिसऱ्या बाजूला भोपाळ. सावरगावच्या पोरीला आपल्याच गावाचा कागद बघायला दोन राज्यांत अर्ज करावे लागतात. छिंदवाड्याचं गॅझेटिअर रसेलने काढलं ते १९०७ साली. पांढुर्णा जिल्ह्याचं स्वतःचं गॅझेटिअर व्हायला हवं, आणि ते हिंदीबरोबर मराठीतही निघायला हवं, ही मागणी आपण आत्ता केली पाहिजे. दहा वर्षांनी नाही. पण ते लिहायला बसलेला माणूस आपल्याकडे येऊन विचारेल, गावाबद्दल काय आहे तुमच्याकडे? तेव्हा त्याच्यासमोर घोषणा ठेवणार की नोंदी?

गटाच्या कामात आम्ही केलेल्या चुकाही सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. फाटलेल्या कागदाला मी स्वतः चिकटपट्टी लावली. दोन महिन्यांत ती पिवळी पडली आणि काढताना अक्षरं घेऊन निघाली. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा केलं की कागद परत मिळत नाही. ओला गठ्ठा उन्हात ठेवू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा, आणि पानं जबरदस्तीने सुटी करू नका. फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. कागदाची मागची बाजूसुद्धा. आम्ही सुरुवातीचे सगळे फोटो एकाच बाजूचे काढले, आणि तारीख पाठीमागे लिहिलेली असते हे नंतर कळलं. सगळ्यात महत्त्वाचं, मूळ कागद घरातून नेऊ नका. ज्याचा आहे त्याच्याकडेच राहू द्या. कोणी दिला, कोणत्या घरातून, कोणत्या पेटीतून, सोबत आणखी काय होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. पेटीतून सुटलेला कागद म्हणजे आडनाव विसरलेला माणूस.

सगळे कागद मोडीतच असावे लागतात असंही नाही. सौसरच्या मैत्रिणीने आणलं ते तिच्या आबाजींचं रेल्वेचं तिकीट. नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी, जी २०१५ला बंद झाली. तिकिटाच्या निमित्ताने आबाजी दोन तास बोलले. सौसरहून संत्री नागपूरला कशी जायची, रामाकोन्याला कोण चढायचं, पेरूवालीने कोणाला उधार दिलं आणि ते कधी फिटलं नाही. लग्नपत्रिका बघा. एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या तर भाषा कशी बदलली ते दिसतं. आमच्या घरची आबाजींच्या लग्नाची पत्रिका मराठीत, बाबांची दोन्ही भाषांत, माझ्या दादाची हिंदीत आणि वर इंग्रजीत नावं. यावर कोणी भाषण केलं नाही, ठराव झाला नाही. छापखान्यात जो नमुना होता तो निवडला.

गुरुजींची तब्येत या थंडीत बरी नव्हती. दोन रविवार आम्ही त्यांच्या घरीच बसलो, खाटेजवळ. ते डोळे मिटून ऐकतात, आम्ही वाचतो, चुकलो की हात वर करतात. त्या आजीही एकदा आल्या होत्या. आम्ही त्यांच्याच पेटीतला एक कागद वाचून दाखवला. त्यांच्या सासऱ्यांनी विहिरीच्या खोदकामाचा हिशोब लिहिलेला होता. किती हात खोल, किती मजूर, कोणाला किती आणे. आजी म्हणाल्या, "ते विहीर मी नवरी आली तवा बुजली होती. मले तर मायीतच नव्हतं पानी कुटं होतं ते." मग परत जाताना दारात थांबल्या आणि सांगितलं की त्यांच्या माहेरी, पिपळा नारायणवारकडे, भावाच्या घरी अजून एक पेटी आहे. पण भाऊ चिडका आहे, फोन करून या.

पुढच्या रविवारी आम्ही तिथे जातोय. सकाळी आठला पांढुर्णा बस स्टँडवर. दोन गाड्यांवर दोन जागा रिकाम्या आहेत. यायचं असेल त्याने मोबाइल पूर्ण चार्ज करून आणा, आणि घरून एक जुनी सुती चादर. मागच्या वेळी कागद मांडायला स्वच्छ काही नव्हतं.